बस म्हटलं की उठायचं

४ सप्टेंबर

मामा,

पोचले. सामान लागलं, खोलीत ऊन येतं, जेवण वेळेवर होतं. झाली तुझ्या सगळ्या प्रश्नांची उत्तरं. फोनवर तुला धड ऐकू येत नाही आणि ते कानातलं यंत्र तू डबीतून बाहेर काढत नाहीस, म्हणून हा कागदाचा खटाटोप. आता निमूट वाच. मला कुणावर तरी ओरडायचंय, आणि नव्या मुख्याध्यापिकेने पहिल्याच आठवड्यात शाळेत ओरडणं बरं दिसत नाही.

शाळा तू फोटोत पाहिलीस तशीच आहे. माहितीपुस्तिकेच्या मुखपृष्ठावर काळी, कुरळ्या केसांची काही मुलं तोंडभर हसताहेत आणि खाली छापलंय, 'सर्वांना सामावून घेणारी शाळा'. मुलाखतीत संस्थेच्या सचिवांनी मला हेच तर विचारलं होतं. समता, विविधता, वंशभेद, यांवर तुमचे विचार काय. मी बोलत सुटले आणि ते मान डोलवत राहिले. मला वाटलं, चला, इथे काहीतरी करता येईल.

ती मुलं पुलापलीकडच्या वस्तीतली. त्यांच्या पणज्यांना खडीच्या खाणीत राबायला बोटींतून आणलं होतं. खाणी बंद पडल्या, माणसं राहिली. आता त्यांच्यात नर्स आहेत, ड्रायव्हर आहेत, एकदोन वकीलही आहेत. पण रंग तोच आणि बोलण्यातला हेलही तोच, म्हणून अलीकडच्यांच्या लेखी ती अजून 'आलेली माणसं'. ज्यांच्या आज्या इथे जन्मल्या त्यांना आलेले म्हणायचं. अनुदान त्यांच्या नावावर येतं, म्हणून शाळेची एक बस त्यांना आणते-नेते. आणि शिक्षकांच्या तोंडी त्या मुलांना नाव काय, तर बस. 'नववीत बस किती आहेत?' 'बसचे पेपर वेगळ्या गठ्ठ्यात ठेवा.' एवढं सहज, की बोलणाऱ्याच्या कपाळावर आठीसुद्धा नाही.

आता खरी गंमत ऐक. शेवटचा तास प्रयोगशाळेचा, नाहीतर खेळाचा, नाहीतर वादसभेचा. मुलं जाऊन प्रयोगशाळेत स्टुलांवर टेकतात न टेकतात तोच आणखी एक घंटा होते, दोन टोल. तिला बसची घंटा म्हणतात. टोल पडले की सर फळ्याकडची मान न वळवता म्हणतात, "बस." आणि वर्गातली काळी मुलं तेवढी उठतात, दप्तरं उचलतात, मागच्या दाराने निघून जातात. बाकीची बसून राहतात. पहिल्या दिवशी मला काही कळेचना. 'बस' म्हटल्यावर मुलं उठतात, अशी जगाच्या पाठीवर ही एकच शाळा असेल. मी हसलेसुद्धा, मामा. मग उलगडा झाला आणि तळपायाची आग मस्तकात गेली.

ही मुलं शाळा संपवून बाहेर पडतात, पण परीक्षानळीला त्यांचा हात लागलेला नसतो. का, म्हणून विचारलं. कारकून म्हणाले, पूर्वी पूल अरुंद होता, खडीचे ट्रक सुटायच्या आत बस पार व्हायला हवी होती. बरं. तो पूल पाडून केव्हाच रुंद बांधला. ट्रक गेले, खाणी गेल्या. घंटा मात्र आहे. का, तर पहिल्यापासून आहे.

मी ही घंटा बंद करणार. तू सबुरीने घे म्हणशील, म्हणून आधीच सांगते, म्हणू नकोस.

तुझी,
ठिणगी

ता. क. पाकिटावर मागे 'ठिणगी' लिहिणं आता बंद कर. इथे मी 'बाई' आहे. ते नाव तुझ्याशिवाय कुणाला माहीत नसलेलंच बरं.


१२ सप्टेंबर

ठिणगी,

पाकिटावर नाव घातलं नाही, बघितलंस ना. आतल्या आत तरी घालू दे. परकरात असताना शेजारच्या मास्तरांशी भांडून आलेली पोर मी विसरू शकत नाही.

सबुरीने घे म्हणू नकोस म्हणालीस, म्हणून म्हणत नाही. हळूहळू घे, म्हणतो. हसू नकोस, मी जन्मभर शाळाच चालवली आहे. भिंतीतला जुना खिळा उपटला की गिलावाही येतो, आणि मग खिळ्याचं राहतं बाजूला, भिंत कुणी पाडली याचीच चर्चा होते. पहिलं वर्ष नुसतं बघ. एखादी समिती नेम. समितीत जे विरोध करतील तेच घाल, म्हणजे त्यांना काम लागेल. विज्ञानाच्या सरांशी गोडीने बोल, कारण घंटा बंद झाली तर वाढीव मुलं त्यांच्याच पदरात पडणार आहेत.

आणि सचिवांना दुखवू नकोस. त्यांना तडकाफडकी बोललेलं खपत नाही. आधी कल्पना दिली, थोडा मान राखला, की ते बऱ्याच गोष्टींना मान डोलवतात. वर्ष पुरं होईपर्यंत तू कायम नाहीस, हे ध्यानात ठेव. नोकरी राहिली तर घंटा आज नाही उद्या बंद करशील. तूच नसलीस तर कुणाच्या तोंडाकडे बघायचं त्या मुलांनी?

तुझी मामी पाठीमागून वाचते आहे आणि म्हणते आहे की पोरीचं बरोबर आहे. तिला नेहमीच तुझं बरोबर वाटतं, त्यामुळे ते धरू नये.

मामा


२३ सप्टेंबर

मामा,

'हळूहळू घे' म्हणजे सबुरीच, फक्त कपडे बदलून आलेली. मामीला सांग, या घरात अक्कल तिच्याकडेच आहे. आणि आमच्या सचिवांना काय खपतं आणि काय नाही हे तुला बरं माहीत. सगळे सचिव सारखेच असतात वाटतं.

तरी तुझं ऐकलं. विज्ञानाच्या सरांशी गोडीने बोलले, एवढी गोडी की माझेच दात आंबले. सर म्हणाले, बसच्या मुलांना काचसामानाची सवय नाही, फोडतील. मी म्हटलं, सवय नाही कारण तुम्ही कधी हातात दिलं नाही. ते म्हणाले, बाई, तुम्ही नवीन आहात. हे वाक्य मी इथे रोज ऐकते. मी नवीन आहे आणि ती मुलं 'आलेली' आहेत, जुनं तेवढं यांच्या बापाचं.

मग मी एक केलं. परवा टोल पडल्यावर त्या मुलांच्या मागोमाग गेले. मागच्या दाराने, भांडारघराच्या बाजूने, पार मागच्या आवारात. बस तिथे उभी असते. मुलं चढली, मीही चढले. दार बंद झालं. मी वाट बघते आहे, आता निघेल, मग निघेल. बस निघत नाही, मामा. ड्रायव्हर खाली सावलीत बसला होता. त्याला विचारलं तर म्हणाला, शाळा सुटून पुढच्या फाटकावरच्या गाड्या निघून जाईपर्यंत बस हलवायची नाही, असा हुकूम आहे. पालकांची अडचण होते.

कळलं का तुला? या मुलांना लवकर जायचं म्हणून तासावरून उठवतात आणि मग तो अख्खा तास तापलेल्या पत्र्याच्या डब्यात बसवून ठेवतात. लवकर जात कुणीच नाही. ती फक्त दिसत नाहीत. घंटेचं काम एवढंच आहे, फाटकावर उभ्या असलेल्या आयाबापांना आपल्या पोरांच्या खांद्याला काळी पोरं खेटलेली दिसू नयेत. आणि मुखपृष्ठावर मात्र तीच हसताहेत. मला तिथल्या तिथे रडू आलं, रागाने.

माझ्या शेजारी नववीतली एक मुलगी बसली होती. शिक्षकखोलीत तिला 'प्रश्नपत्रिका' म्हणतात, कारण ती फार प्रश्न विचारते, आणि हे टोपणनाव कौतुकाचं नाही. तिने बघून घेतलं की मी रडते आहे, आणि मग विचारलं, "बाई, लिटमसचा निळा कागद आम्लात बुडवला की लाल होतो ना, तो एकदम होतो की हळूहळू?" तिला पुस्तकातलं उत्तर येतं. पैकीच्या पैकी गुण आहेत तिला. पण पुस्तकात हे लिहिलेलं नाही, आणि ज्याने एकदा डोळ्यांनी बघितलंय त्याला हा प्रश्नच पडत नाही. मला शरमेने तिच्याकडे बघवेना. म्हटलं, तूच बघशील आणि मला सांगशील.

समिती-बिमिती नाही. पुढच्या महिन्याच्या पहिल्या सोमवारी सकाळी सगळ्यांच्या आधी जाऊन घंटेची हातोडी मी माझ्या कपाटात कुलूपबंद करणार आहे. मधल्या सगळ्या घंटा शिपाई माझ्याकडून हातोडी नेऊन देईल. बसच्या घंटेला ती मिळणार नाही. हे मी कुणाला म्हणजे कुणाला सांगितलेलं नाही. फक्त तुला.

ठिणगी


२८ सप्टेंबर

ठिणगी,

पत्र आत्ता मिळालं. घाईत लिहितो आहे, टपाल निघायचंय. असं काही करू नकोस. आणखी एक सोमवार थांब. माझ्यावर विश्वास ठेव, यातून बिनबोभाट वाट निघू शकते. हातोडीला हात लावू नकोस.

मामा


९ ऑक्टोबर

मामा,

तुम्ही सांगितलंत म्हणून मी एक सोमवार थांबले. विश्वास ठेवला.

पुढच्या सोमवारी पहाटेच गेले तर हातोडी जागेवर नव्हती. शिपायाने सांगितलं, सचिवसाहेब शनिवारीच घेऊन गेले. त्याच दुपारी संस्थेची बैठक लावली होती आणि मला त्याचा पत्ता नव्हता. मी आत गेले तेव्हा हातोडी सचिवांसमोर टेबलावर ठेवलेली, पाण्याच्या पेल्याशेजारी. मी बोलले. पूल, बस, पत्रा, प्रयोगशाळा, सगळं सांगितलं. मुखपृष्ठ समोर धरलं आणि विचारलं की यातली मुलं या वेळी कुठे आहेत ते बघायला तुमच्यातलं कोण येतं. कुणी उठलं नाही. एक जण घड्याळाकडे बघत होता. एका बाईंनी विचारलं की त्या मुलांची काही तक्रार आहे का, नाही ना, मग तुम्ही का पेटलात.

आणि मग सचिव हसले आणि म्हणाले, "बाई, ठिणगी कुठे पडेल सांगता येत नाही. म्हणून आम्ही हातोडी आधीच सांभाळून ठेवली."

मामा, हे नाव या गावात कुणाला माहीत आहे? हातोडीचं कुणाला माहीत होतं? मी तिथे उभी होते आणि माझ्या कानात शिट्टी वाजल्यासारखं होत होतं. त्या माणसाने नंतर काय ठराव वाचला ते मला निम्मं ऐकूच आलं नाही. यथास्थिती ठेवावी, समिती नेमावी. समितीत जे विरोध करतील तेच. ही कल्पनाही मी आधी एका पत्रात वाचली होती.

तुम्ही त्यांना ओळखता हे पहिल्या पत्रात सांगितलं असतंत तर मी जपून लिहिलं असतं. माझ्या बापाच्या जागी तुम्ही आहात. बसमध्ये बसून रडले हे मी दुसऱ्या कुणाला लिहिलं असतं?

आता एक शेवटची गोष्ट सांगते, तीही त्यांना कळवायची असेल तर खुशाल कळवा. बैठकीनंतर प्रश्नपत्रिकेची आई आली. इस्पितळात वॉर्डाची मुख्य नर्स आहे, गणवेशातच आली होती. मला वाटलं, आभार मानेल. ती म्हणाली, बाई, घंटा राहू दे. मी तिच्यावरही उखडले. तुम्हीच असं म्हणालात तर मी कुणासाठी भांडते आहे, असं काहीतरी बोलले. तिने शांतपणे ऐकून घेतलं. मग सांगितलं की आधीच्या मुख्याध्यापक सरांनीही ही घंटा बंद केली होती. मुलं पुढच्या फाटकाने बाहेर पडली. चार दिवस. तिथे त्यांना कोण काय बोललं ते मुलांनी घरी सांगितलं नाही, पण तिचा थोरला नंतर शाळेत यायलाच तयार होईना. सरांची पुढे मोठ्या पदावर बदली झाली, समतेवरच्या कामाबद्दल. मुलगा गॅरेजात लागला.

"तुम्ही घंटा बंद करा," ती म्हणाली, "पण मग तुम्ही फाटकावर उभ्या राहाल, की खिडकीतून बघाल?"

मी फाटकावर उभी राहणार आहे. तुमचं मत विचारत नाही.

आपली भाची


१६ ऑक्टोबर

ठिणगी,

'तुम्ही' म्हणालीस. चष्मा काढून ठेवला आणि बराच वेळ घातला नाही.

हो. सचिव माझा विद्यार्थी. हुशार होता, पण त्याच्या वहीचं पहिलं पान तेवढं सुवाच्य असायचं, पुढे कोरं. तुझी नेमणूक झाल्यावर त्याचं पत्र आलं, सर, तुमची भाची आमच्याकडे आली, आनंद झाला. नेमणुकीत माझा हात नाही, एवढं तरी खरं मान. मी कौतुकाने लिहून बसलो की जपून रे बाबा, आम्ही तिला ठिणगी म्हणतो. मग तो विचारत गेला आणि मी सांगत गेलो. हातोडीचं वाचून माझा धीर सुटला. वाटलं, पोरगी नोकरी घालवून बसेल. त्याला कळवलं तर तो तुला एकांतात समजावेल, दोघांत काही ठरेल. त्याने ते टेबलावर मांडलं. मी तुला वाचवत होतो असं मी महिनाभर स्वतःला सांगत होतो. तुझ्या मामीने तुझं पत्र मला मोठ्याने वाचून दाखवलं, यंत्र कानात घालायला लावून, आणि म्हणाली, तुम्ही पोरीला नाही, त्या माणसाची झोप वाचवत होतात. ती त्यानंतर माझ्याशी फक्त कामापुरतं बोलते आहे.

त्याला मी लिहिलं आहे. पूर्वी लिहिलेलं सगळं मागे घेतो, आणि तू माझ्या शाळेत शिकलास हे यापुढे कुणाला सांगू नकोस, एवढंच. उत्तर आलेलं नाही.

तू माझं मत विचारलेलं नाहीस, तेव्हा देत नाही. पण फाटकावर उभं राहायला माणसं कमी पडत असतील तर मी येतो. गुडघा वाकत नाही, पण उभं राहायला वाकावं लागत नाही. नको असेन तर तसं कळव. कळवलं नाहीस तर येतो आहे असं धर.

मामा


१८ नोव्हेंबर

ठिणगी,

सुखरूप पोचलो. तुझ्याकडे आठवडाभर राहिलो, आणि त्यात घरात आपण किती कमी बोललो, नाही? तू डबा भरून द्यायचीस, मी घ्यायचो. तुझा राग मला कळत होता आणि तो जावा म्हणून मी काही बोललो नाही, कारण तो घाईने जाण्यासारखा नव्हता. म्हणून फाटकावरचं आता लिहितो. तू दुसऱ्या टोकाला होतीस, तुला सगळं ऐकू आलं नसेल. मला तर काहीच ऐकू आलं नाही, आणि तेच बरं झालं.

संस्थेचा ठराव झुगारून तू शिपायाला बसची घंटा देऊ दिली नाहीस, आणि पहिल्या दिवशी ती मुलं शेवटचा तास पुरा करून पुढच्या फाटकाने बाहेर आली तशी गाडीतली एक बाई काच खाली करून त्या प्रश्नपत्रिकेकडे बघत काहीतरी बोलली. मी खिडकीशी गेलो आणि म्हणालो, "माफ करा, मला कमी ऐकू येतं. काय म्हणालात ते जरा मोठ्याने सांगा." तिचा हात काचेच्या बटणाकडे गेला. मी म्हटलं, या मुलीला सांगत होतात, तर तिलाही नीट कळायला हवं, सांगा की. आजूबाजूच्या माना वळल्या. तिने काच वर घेतली. दुसऱ्या दिवशी एक गृहस्थ. त्यालाही मी कान पुढे करून तेच म्हटलं. तो म्हणाला, काही नाही, काही नाही. आयुष्यात प्रथमच या कानांचा उपयोग झाला. मोठ्याने सांगायला लागलं तर ही माणसं काहीच बोलू शकत नाहीत, ठिणगी. जन्मभर मी त्यांचं हळू बोललेलं ऐकून घेतलं आणि त्यालाच शिष्टाचार म्हणत आलो.

त्या नर्सबाई ड्यूटीवरून थेट यायच्या. शेवटच्या दिवशी त्यांनी मला गुडघ्यासाठी व्यायाम दाखवला आणि दमही दिला, की करायचा, नुसतं मान डोलवायचं नाही. तुझे ते विज्ञानाचे सर फाटकावर एकदाही आले नाहीत. वरच्या खिडकीतून बघताना मात्र मी त्यांना रोज पाहिलं.

संस्थेने पुढे काय केलं ते कळव. वाईट असेल तर आधी ते कळव. आणि तुझं पत्र मी मामीखेरीज कुणाला दाखवणार नाही, हे लिहावं लागतंय याचीच लाज वाटते.

मामा


२ डिसेंबर

मामा,

वाईट आधी. मला कायम करणार नाहीत. पत्र आलं, गोड भाषेत. माझ्या उत्साहाचं कौतुक आहे, पण संस्थेला समन्वयाची गरज आहे. वर्ष संपलं की मी इथून जायचं. बसची घंटा बुधवारपासून पुन्हा सुरू करावी, असा हुकूमही त्याच पाकिटात होता. पालकांच्या भावनांचा आदर म्हणून.

आणि याहून संताप आणणारी गोष्ट पुढे आहे. नवी माहितीपुस्तिका छापून आली. मुखपृष्ठावर फाटक आहे. फाटकातून गोरी-काळी मुलं एकत्र बाहेर येताहेत आणि कडेला एक म्हातारा कान पुढे करून उभा आहे. 'सर्वांना सामावून घेणारी शाळा.' ज्या आठवड्याचा फोटो तोच आठवडा गुन्हा म्हणून माझ्या पत्रात लिहिलाय. मी पुस्तिका घेऊन सचिवांच्या खोलीत गेले आणि विचारलं, या फोटोतल्या म्हाताऱ्याला ओळखता का. ते म्हणाले, छान टिपलाय फोटोग्राफरने. म्हटलं, यांनी तुम्हाला शिकवलं. तुम्ही शिकला नाहीत. कामावरून काढलेल्या माणसाला बोलायला फार मोकळं वाटतं, मामा, हे तू मला कधी सांगितलं नव्हतंस.

हो, तू. तुम्ही लिहिताना माझीच बोटं अडखळत होती. राग गेलेला नाही, थोडा ठेवलाय, गरज पडली तर असावा म्हणून. पण तू आलास आणि उभा राहिलास. पाकिटावर ठिणगी लिही आता, अख्ख्या गावाला कळलंच आहे.

प्रश्नपत्रिकेने तिच्या प्रश्नाचं उत्तर आणून दिलं. त्या घंटेविना गेलेल्या दिवसांत तिने लिटमस स्वतः बुडवला. एकदा विश्वास बसला नाही म्हणून परत बुडवला, आणि कागद संपेपर्यंत बुडवत राहिली. एकदम होतो, म्हणाली, इतका एकदम की बघायचं राहून जातं. विज्ञानाचे सर रोज शिक्षकखोलीत माझ्याकडे तक्रार करायचे, ही मुलगी कागद संपवते, ही मुलगी आम्ल अर्धं केलं तर काय होईल विचारते, ही मुलगी मला घरी जाऊन पुस्तक बघायला लावते. काचसामान कुणी फोडलं म्हणालास तर एक नळी फुटली, ती त्यांच्याच हातून. तक्रार करताना ते हसत होते, हे त्यांच्या लक्षात आलं नसावं.

बुधवारी मी मुद्दाम नववीच्या प्रयोगशाळेत जाऊन मागे उभी राहिले. म्हटलं, या मुलांना उठताना मला बघायलाच हवं, खिडकीतून नाही. मुलं स्टुलांवर बसली, नळ्या वाटून झाल्या, सर फळ्यावर काहीतरी लिहीत होते. दोन टोल पडले. शिपायाने ते इतके हळू मारले होते की त्याचीही दया आली.

मुलं उठली, मामा. कुणी सांगायच्या आत उठली, पायांना सवय आहे ना. प्रश्नपत्रिका एका हातात नळी आणि एका हातात दप्तर घेऊन उभी होती, आणि नळी कुठे ठेवावी हे तिला कळत नव्हतं. सगळा वर्ग सरांच्या पाठीकडे बघत होता. सरांचा खडू थांबला. त्यांनी मान वळवली नाही. नेहमीच्याच आवाजात नेहमीचाच शब्द म्हणाले.

"बस."

कुणी हललं नाही. कुणाला कळेचना. मग ती, दुसरं कोण विचारणार, म्हणाली, "सर, कुठलं बस?"

सर वळले. लालबुंद झाले होते. माझ्याकडे बघितलं नाही, तिच्याकडेच बघितलं, आणि तिचं मागे सरकलेलं स्टूल पायाने पुढे ढकललं.

"खाली बस," ते म्हणाले. "प्रयोग अर्धा सोडून कुणी जातं का."

ती बसली. मग एकेक करून बसची सगळी मुलं बसली.

तुझी,
ठिणगी